साथीच्या दिवसांत रेसिडेंट पोरांना शिकवायचं कसं आणि सांभाळायचं कसं

हे लिहितेय ते युनिट हेड, लेक्चरर, सीनियर रेसिडेंट, थोडक्यात ज्यांच्या हाताखाली जेआर वन (एमडी-एमएसच्या पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट) नाहीतर इंटर्न काम करतात त्या सगळ्यांसाठी. डेंग्यूचा सीझन हाताबाहेर गेला, नवीन साथ आली, कुठं मोठी विषबाधा झाली की वॉर्ड दोन दिवसांत भरतो आणि मग विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून आत्ता जरा निवांत आहे तेव्हा वाचा आणि पटलं तर प्रिंट काढून युनिटच्या कपाटात ठेवा.

सोलापुरात एप्रिल २०२० मध्ये पाच्छा पेठेत कोरोनाचा पहिला पेशंट निघाला. मी तेव्हा मेडिसिनला शिकवत होते आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली, मी शिकवणं बंद केलं. वाटलं आधी पेशंट वाचवू, क्लास वगैरे नंतर बघू. त्यानंतर पोरं नुसती हातपाय झाली, स्वॅब घ्या, फॉर्म भरा, फोन करा, सिलिंडर आला का बघा. ऑगस्टमध्ये एक जेआर वन मला म्हणाला, "मॅडम, या चार महिन्यांत मी काय शिकलो ते मला सांगता येत नाही, दमलो एवढंच सांगता येतं." ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. दमणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, पण आपण दिवसेंदिवस डॉक्टर होत चाललोय असं ज्या पोराला वाटतं ते दमूनही उभं राहतं, आणि ज्याला वाटतं की आपल्याला फक्त राबवून घेतायत ते आतून मोडतं. तेव्हापासून मी शिकवणं आणि सांभाळणं अशी दोन वेगळी कामं धरतच नाही. खालचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पहिलं काम रोस्टरचं, आणि ते तुम्ही करा

रोस्टर जेआर थ्रीवर सोडू नका. तो स्वतः दमलेला असतो, त्याच्यावर वरून प्रेशर असतं आणि तो ते आपोआप खाली ढकलतो. रोस्टर त्याच्यासोबत बसून करा आणि खाली सही तुमची असू द्या.

कागदावरचे नियम माहीत असावेत. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी स्कीममध्ये सलग ड्युटी १२ तासांच्या वर नको असं म्हटलंय. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आहे. २०२४ मध्ये एनएमसीच्याच टास्क फोर्सनं सांगितलं की आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको, रोज सात-आठ तास झोप हवी. साथीत हे सगळं पाळता येत नाही हे मलाही माहितीय, पण रोस्टरच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं "या आठवड्याचे तास" असा एक रकाना आखा. नुसता रकाना आखला तरी एकाचे ९६ आणि दुसऱ्याचे ६० हे डोळ्यांना दिसतं. नाहीतर जो पोरगा नाही म्हणत नाही त्याच्याच अंगावर सगळं पडत राहतं.

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं डोकं आणि हात थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकेच मंद चालतात, हे प्रयोगांत दिसलंय. २००४ मध्ये अमेरिकेत आयसीयूतल्या इंटर्नवर अभ्यास झाला होता, त्यात २४ तासांवरच्या लांब ड्युट्या करणाऱ्यांच्या गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त निघाल्या. आणि आकडे बाजूला ठेवा, मी डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे पाचची वेळ, एक जेआर वन काउंटरवर उभ्या-उभ्या केसपेपर लिहीत होती, पेन चालत होतं पण ओळ हळूहळू खाली घसरत होती. इन्सुलिनचा डोस सहा युनिट. सहाच्या पुढं तिनं सवयीनं इंग्रजीतला यू काढला आणि झोपेत तो असा गोल बंद झाला की आकडा साठ दिसायला लागला. सिस्टरनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, साठ द्यायचंय का खरंच?" पोरीचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा असं ठरलं, आणि त्या मुलीला मी सहाला झोपायला पाठवलं, राउंडला थांबवलं नाही. नियम आणि झोप, दोन्ही त्याच दिवशी.

रोस्टर आखताना मी हे बघते. पीपीई घालून काम असेल तर एक पाळी सहा तासांची, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा, जमेल तिथं चारच तासांची. लागोपाठ तीन नाईट, फार तर चार. नाईट केलेला माणूस नऊच्या आत वॉर्डाबाहेर, "जाता जाता एवढं एक करून जा" बंद. रात्री दोन ते पाचच्या मध्ये प्रत्येकाला २०-३० मिनिटं पडायला मिळालीच पाहिजेत आणि तेवढा वेळ त्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात. एकदोघं रिझर्व्हला, कारण कोणीतरी आजारी पडणारच. घरी म्हातारे आईवडील, गरोदरपण, दमा, असलं काही असेल तर एकेकाला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर विचारलंत तर कोणी सांगणार नाही. आणि नाईट संपवून बाईक काढून पुणे रोडनं नाहीतर विजापूर रोडनं कोणी घरी निघालं तर चावी काढून घ्या आणि रिक्षा बोलवा. लांब ड्युटीनंतर गाडी चालवताना ॲक्सिडेंटची शक्यता दुपटीच्या वर जाते.

सोलापुरात हे बोलायला लागलं की कोणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव काढतंच, आणि काढावंच, आपल्या गावचा माणूस आहे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, १९४० मध्ये सलग ७२ तास ऑपरेशनं केली असं सांगतात, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच वारले. त्यांच्यापुढं हात जोडूनच सांगते, ते ७२ तास रणांगणावरचे होते, बदली माणूसच नव्हता. तुमच्या युनिटात बदली माणूस असतानाही पोराला ३६ तास उभं करायचं आणि कोटणीसांचं नाव घ्यायचं हे बरोबर नाही. आणि अजून एक, ते ७२ तास सगळ्यांना पाठ आहेत, पण तेच कोटणीस तिथल्या पोरांना डॉक्टरकी शिकवतही होते, हे फारसं कोणी सांगत नाही.

पाणी, जेवण आणि कडी असलेली खोली

वेलनेसचं लेक्चर ठेवण्याआधी हॉस्टेलच्या टाकीत पाणी आहे का ते बघा. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या वेळी पोरगं ड्युटीवर असतं. पीपीईतून घामानं निथळत बाहेर आलेल्याला आंघोळीला पाणी नसेल तर तुमचं कुठलंच कौन्सेलिंग कामाला येणार नाही. एक माणूस नेमा, त्याचं काम एवढंच, टाकी, टँकर, पिण्याचे जार.

पीपीई उतरवल्यावर आधी अर्धा लिटर पाणी आणि त्यात ओआरएस, मग मोबाईल. नाईटवाल्यांचं जेवण रात्री नऊला येऊन थंड होतं आणि दोन वाजता कोणी त्याला हात लावत नाही. त्यावर आमच्याकडं फार साधी गोष्ट चालली, कडक भाकरी, शेंगा चटणी, केळी आणि ताक. कडक भाकरी खराब होत नाही, गरम करावी लागत नाही, ताकात मोडून दहा मिनिटांत खाऊन होते.

मुलींचं वेगळं बघा. २०२० मध्ये कितीतरी जणी बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नव्हत्या आणि मग युरीन इन्फेक्शन घेऊन यायच्या. पॅड, स्वच्छ टॉयलेट, कपडे बदलायला खोली आणि आतून लागणारी कडी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात ज्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, ती लांब ड्युटीनंतर सेमिनार हॉलमध्ये जरा पडायला गेली होती. म्हणून ड्युटी रूमची कडी, पॅसेजमधला लाईट, रात्री मुलीसोबत ब्लड बँकेपर्यंत जाणारं कोणीतरी, हे आज संध्याकाळी स्वतः फिरून बघा, कोणाला पाठवू नका.

पहिल्या ड्युटीला एकटं सोडायचं नाही

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं इंटर्नना कोविड ड्युटीवर घ्यायची आणि फायनल इयरच्या मुलांना टेलिकन्सल्टेशनला, सौम्य पेशंटवर लक्ष ठेवायला घ्यायची परवानगी दिली, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. सगळा घोळ या "देखरेखीखाली" शब्दात आहे. कागदावर देखरेख सगळीकडंच असते. माझ्या दृष्टीनं देखरेख म्हणजे तीन गोष्टी भिंतीवर लिहिलेल्या हव्यात, आज रात्री कोणाला उठवायचं त्याचं नाव, त्याचा नंबर, आणि तो किती मिनिटांत बेडजवळ येईल. "कन्सल्टंट ऑन कॉल" एवढंच लिहिलेलं मी देखरेख मानत नाही.

वॉर्डात पाठवण्याआधी अर्धा दिवस द्या. ऑक्सिजनचे मास्क हातात घेऊन, कुठल्या मास्कला किती लिटर, फ्लोमीटर कसा वाचायचा, एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताचा नमुना, कुठून घ्यायचा. पीपीई घालताना आणि मुख्य म्हणजे काढताना एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं समोर उभं राहून मोठ्यानं पायऱ्या म्हणायच्या, कारण इन्फेक्शनचा धोका काढताना जास्त असतो आणि त्याच वेळी माणूस सगळ्यात दमलेला असतो. सुई टोचली तर काय करायचं हेही त्याच दिवशी सांगा, लपवायचं नाही, जागा साबणपाण्यानं धुवायची आणि एचआयव्हीसाठीची गोळी शक्यतो दोन तासांत, कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत.

आणि "मला कधी उठवायचं" ही यादी. आमची अशी होती:

– ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन ९० च्या खाली
– श्वास मिनिटाला ३० च्या वर
– वरचं बीपी ९० च्या खाली
– सकाळी बोलणारा पेशंट आता गुंगीत
– नातेवाईकांचा आवाज चढलाय
– मला काही कळत नाहीये

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. पोरं बीपीसाठी उठवतात, पण "काही कळत नाहीये" म्हणून उठवायची लाज वाटते. तुम्ही एकदा जरी रात्री दोनला फोनवर खेकसलात की "एवढ्यासाठी उठवलंस?", तर ते पोरगं पुन्हा उठवणार नाही, आणि पुढच्या वेळी पेशंट जाईल. उठलं की पहिलं वाक्य एकच ठेवा, "बरं केलंस फोन केलास, सांग." मग काय चुकलं ते सकाळी चहा पिताना सांगा.

शिकवायचं कुठं, वेळ कुठाय?

वेळ हँडओव्हरमध्ये आहे. पाळी बदलताना तसंही बोलावं लागतंच, तोच क्लास करा. आम्ही पाच खुंट्या धरल्या होत्या, पेशंट किती सिरीयस, थोडक्यात गोष्ट काय, आता कोणी काय करायचं, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. ही पद्धत अमेरिका-कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांत वापरून बघितली होती, २०१४ मध्ये निकाल आले, चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. चौथी खुंटी म्हणजे खरं शिक्षण आहे. "रात्री काय बिघडू शकतं" हे विचारलं की पोराला पुढचा विचार करावाच लागतो, आणि पुढचा विचार करणं म्हणजेच क्लिनिकल मेडिसिन. पाचवी खुंटी लोक टाळतात, घाईत "हो हो कळलं" म्हणून निघतात. तिथं हटून बसा.

दुसरी जागा बेडजवळची, पाच मिनिटांची. रीत अशी की आधी त्याला मत ठरवायला लावायचं, मग का ते विचारायचं, मग एकच नियम सांगायचा, काय बरोबर केलं ते नाव घेऊन सांगायचं आणि काय सुधारायचं तेही. डेंग्यूच्या सीझनमधला एक प्रसंग सांगते, चोवीस वर्षांचा मुलगा, तापाचा पाचवा दिवस.

"मॅडम, ताप उतरलाय, प्लेटलेट ४८ हजार आहेत. उद्या सोडू शकू असं वाटतं."

"का वाटतं?"

"ताप नाही म्हणून."

"पोट दुखतंय का विचारलंस?"

"दुखतंय म्हणाला. दोनदा उलटी झालीय सकाळपासून."

"हिमॅटोक्रिट किती होतं काल?"

त्यानं पेपर उलटला. काल ४१, आज ४७, म्हणजे रक्त घट्ट होत चाललेलं. तो गप्प झाला आणि मग स्वतःच म्हणाला, "लीक होतंय, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय."

"होतंय. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, एवढं एक आज डोक्यात ठेव. प्लेटलेटकडं सगळं गाव बघतं, तू हिमॅटोक्रिट, पोट आणि लघवीकडं बघ. आज पोटाचं विचारलं होतंस म्हणून आपल्याला कळलं, ते चांगलं केलंस. फक्त विचारलेलं पेपरवर लिहीत जा आणि कालच्या आकड्याशेजारी आजचा ठेवत जा."

घड्याळ लावून बघा, तीन मिनिटं होतात. आणि तो मुलगा त्या दिवशी दमून हॉस्टेलला गेला तेव्हा त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी सकाळी नव्हती. एका पाळीत एकाला एकच गोष्ट शिकवा, जास्त नको, झोप न झालेल्या डोक्यात दोन मावत नाहीत.

आता जे शिकायचं राहतं त्याचं. सर्जरी, ऑर्थो, डोळे, कान-नाक-घसा, ही पोरं महिनोन्महिने कोविड वॉर्डात होती आणि ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) दार बघितलं नाही. त्यांना सतत वाटायचं की आपण मागं पडलो, आणि त्यांचं खोटं नव्हतं. त्यासाठी लॉगबुकच्या शेवटी एक पान ठेवा, वर लिहा "राहिलेलं". या पोस्टिंगमध्ये काय काय हातानं करायला मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही ते त्या पानावर, तारखेसह, आणि खाली गाईडची सही. ते लिहून ठेवलं की पोराच्या मनातली टोचणी निम्मी होते, कारण आता ते राहिलेलं सरांनाही मान्य आहे. साथ ओसरली की त्याच पानावरून पोस्टिंग आखायची. मधल्या काळात आठवड्यातून एकदा अर्धा तास फोमवर टाके, गाठी, जुनी हाडं घेऊन क्लास, झूमवर केस, जे जमेल ते. थिसिसचे पेशंट मिळत नसतील तर विषय बदलायला किंवा मुदत वाढवायला एथिक्स कमिटीकडं तुम्ही अर्ज घेऊन जा, पोराला एकट्याला फायली घेऊन फिरवू नका.

अनिश्चिततेचाही भार असतो. एमडी-एमएसच्या प्रवेशाची नीट पीजी २०२१ ची परीक्षा १८ एप्रिलला होती, ती झाली ११ सप्टेंबरला, आणि कॉलेज वाटपाचं कौन्सेलिंग पुढच्या जानेवारीपर्यंत लांबलं. म्हणजे इंटर्न अधांतरी, आणि वॉर्डात नवीन जेआर वन नाहीत, तीन बॅचचं काम दोन बॅच ओढतायत. अशा वेळी व्हॉट्सॲपवर रोज नवीन अफवा येते. आम्ही शनिवारी दहा मिनिटं ठेवली होती, तीनच गोष्टी सांगायच्या, काय ठरलंय, काय ठरलं नाही, आणि पुढं कधी विचारायला यायचं. "अजून ठरलं नाही" हेही तोंडानं सांगावं लागतं, नाहीतर पोरं समजतात की आपल्यापासून लपवतायत.

मृत्यूची बातमी

यावर जरा थांबते, कारण पोरं सगळ्यात जास्त इथं मोडतात आणि आपण हे कधीच नीट शिकवत नाही.

विडी घरकुलातली एक बाई गेली होती, पहाटे. घरच्यांना आत सोडत नव्हते, फोनवरच सांगायचं होतं. पीपीईतला जेआर वन, हातात वॉर्डाचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, स्पीकरवर. पलीकडून मुलगी तेलुगूत काहीतरी विचारतेय, ह्याला तेलुगू येत नाही, हा मराठीत म्हणतोय "पेशंट सिरीयस आहे, सिरीयस आहे", कारण "गेल्या" हा शब्द तोंडातून निघत नाहीये. ती म्हणतेय डबा पाठवू का. तीन मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी आमच्या मावशी पुढं आल्या, त्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातल्याच, त्यांनी फोन घेतला आणि सांगितलं. मग त्या रडल्या, आणि पोरगा भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच वेळी शेजारच्या वॉर्डात होते. मी तिथं असायला हवं होतं.

त्यानंतर आम्ही असं ठरवलं. पहिली बातमी सीनियरनं द्यायची आणि जेआरनं शेजारी उभं राहून ऐकायची. दुसरी जेआरनं द्यायची, सीनियरनं शेजारी उभं राहायचं. तिसरी त्यानं एकट्यानं, पण नंतर पाच मिनिटं सीनियरसोबत बसायचं. एका पाळीत एकाच पोराकडून दोनपेक्षा जास्त बातम्या नाहीत, तिसरी आली तर ती आपण द्यायची.

बातमी कशी द्यायची तेही शिकवावं लागतं. आधी पेशंटचं पूर्ण नाव आणि केसपेपर दोनदा बघायचा. फोन कोणी उचललाय, नातं काय, जवळ कोणी आहे का, गाडी चालवत नाही ना, हे विचारायचं. मग तयारीचं एक वाक्य, "ताई, वाईट बातमी सांगायचीय." मग स्पष्ट शब्द, "तुमच्या आई वारल्या." "सिरीयस" नाही, "एक्स्पायर" नाही, "आमच्या हातात काही राहिलं नाही" नाही. मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड असतं, पोरं घाबरून माहिती सांगायला लागतात, व्हेंटिलेटर, औषधं, किती वाजता काय केलं, आणि पलीकडं काहीच पोचत नाही. तिकडून आवाज आला की मग पुढचं, कधी यायचं, कोणाला भेटायचं, कागद कुठले लागतील.

भाषेचं आधीच बघून ठेवा. आपल्याकडं मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत, अक्कलकोट बाजूचे कितीतरी म्हातारे लोक कन्नडच बोलतात. वॉर्डात कोणाला कुठली भाषा येते ती यादी लावा. पण मामा-मावशींच्या हातात नुसता फोन देऊन मोकळं होऊ नका, आधी त्यांना सांगा काय सांगायचंय, आणि नंतर त्यांनाही बसवून पाणी द्या. त्या मावशींना त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं.

कधी बातमीनंतर राग उसळतो. रेसिडेंटनं वाद घालायचा नाही, मागं दार असेल तिथं उभं राहायचं, सिक्युरिटीला बोलवायचं. तक्रार पोरानं नाही, संस्थेनं करायची. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरोधात कायदा आहे, अजामीनपात्र. २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली, साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं आणि गंभीर दुखापत असेल तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. मार खाल्लेल्या पोराला पोलीस स्टेशनला एकटं पाठवलं तर ते कायमचं दुखावतं. सोबत जा.

मन कसं बघायचं

बघा, ऐका, आणि योग्य माणसाशी जोडून द्या. मानसिक प्रथमोपचार म्हणतात ते एवढंच आहे आणि त्याला सायकियाट्रिस्ट असावं लागत नाही.

बघायचं काय? नेहमी वेळेवर येणारा उशिरा यायला लागला, बडबडी गप्प झाली, दाढी-केस वाढले, पेशंटवर खेकसणं, मेसला न येणं, सारखं डोकं दुखतं म्हणणं, चुका वाढणं. चुका वाढल्या की आपण झापतो. त्याच्या आधी विचारा, "झोपतोस किती?" जोड्या लावून द्या, जेआर वन-जेआर टू, रोज एकमेकांना एकदा विचारायचं, जेवलास का, झोपलास का, काय डोक्यात फिरतंय. जोडी एकाच खोलीतली नको.

पाळी संपताना दहा मिनिटं एकत्र उभं राहा, आज काय जड गेलं, काय चांगलं झालं. ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं उभं राहिलं तरी चालेल. मोठ्या घटनेनंतर सगळ्यांना गोल बसवून "सांगा, काय वाटलं, सगळं बाहेर काढा" असं जबरदस्तीनं करू नका, जागतिक आरोग्य संघटनाही तसलं एकाच बैठकीतलं डीब्रीफिंग नको म्हणते, काहींना त्यानं जास्त त्रास होतो. चहा द्या, जवळ बसा, बोलेल तेव्हा ऐका.

आणि सरळ विचारायला घाबरू नका. एनएमसीच्या २०२४ च्या अहवालासाठी देशभर ऑनलाईन सर्व्हे झाला, त्यात उत्तर देणाऱ्या पीजींपैकी ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. म्हणजे तुमच्या युनिटातही कोणीतरी आहे असं धरून चाला. "जगू नये असं वाटतं का कधी?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. हो म्हणालं तर त्या पोराला एकटं सोडायचं नाही, ड्युटी तिथल्या तिथं काढायची, वॉर्डातल्या औषधांपासून लांब ठेवायचं आणि त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडं सोबत न्यायचं. आपल्याच हॉस्पिटलच्या ओपीडीत जायला पोरं तयार नसतात, तिथं त्यांचाच बॅचमेट बसलेला असतो आणि केसपेपरवर नाव पडतं. म्हणून गावातल्या एकदोन बाहेरच्या सायकियाट्रिस्टशी आधीच बोलून ठेवा, साथ यायच्या आधी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर ड्युटी रूमच्या दाराला आतून चिकटवा, तो फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. आतून यासाठी की नंबर उतरवून घेताना कोणी बघत नाही.

साथ ओसरल्यावर

सगळ्यात आधी रजा, पाळीपाळीनं, आणि न मागता. मग चुकांची बैठक, पण तिथं नाव घ्यायचं नाही, "कोणी केलं" न विचारता "कशामुळं झालं" विचारायचं. इन्सुलिनची गोष्ट मी त्या मुलीला विचारूनच सांगितली होती आणि ती स्वतः उभी राहून पुढचं बोलली. मग "राहिलेलं" पान काढायचं. आमच्या एका सर्जरीच्या मुलाच्या पानावर अकरा ओळी होत्या, पुढच्या सहा महिन्यांत गाईडनी त्याला बाकीच्यांच्या लिस्टमध्ये घुसवून नऊ पूर्ण करून दिल्या.

आणि तीन महिन्यांनी एकदा, सहा महिन्यांनी एकदा प्रत्येकाला एकेकट्याला भेटा. कितीतरी जण धावपळीत ठीक असतात आणि वॉर्ड रिकामा झाल्यावर कोसळतात, तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुसरीकडं गेलेलं असतं. झोप कशी आहे, कुठला पेशंट अजून आठवतो, पुढं काय करायचंय, एवढं विचारलं तरी पुरतं. ही भेट ओपीडी संपल्यावर ठेवा, तुमचा आणि त्याचा फोन बाहेर सिस्टरांकडं द्या, आणि त्या दिवशी त्याला नाईट लावू नका.